प्रतिजैविकांविना जीवाणूंचा नाश : नॅनोझाइम नेमके काय करतात?

शरयू

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या पायाला मधुमेहामुळे झालेली जखम चार महिने भरत नव्हती. रोज सकाळी ड्रेसिंग सोडताना गॉज जखमेला चिकटलेले असे. ते सलाइनने भिजवून हळूहळू सोडवावे लागे, आणि खाली पुन्हा तोच हिरवट, बुळबुळीत थर दिसे. पुवाचा कल्चर रिपोर्ट हातात आला तेव्हा डाव्या बाजूला प्रतिजैविकांची लांबलचक यादी होती आणि त्यांच्यापुढे ओळीने ‘आर’, म्हणजे जीवाणू त्या औषधाला दाद देत नाही. ‘एस’ फक्त दोन औषधांपुढे होते आणि ती दोन्ही शिरेतून देण्याची. जखम अखेर भरली, पण तो कागद माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे, प्रतिजैविक न वापरता जीवाणू मारण्याचे कोणते मार्ग शोधले जात आहेत याबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातल्या नॅनोझाइम, म्हणजे विकरासारखे (एन्झाइमसारखे) काम करणारे अब्जांश कण (नॅनोकण), या विषयावर येथील डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारे आणि शिक्षक यांच्याशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

विषयाचे गांभीर्य आकड्यांत सांगायचे तर, 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, आणि सुमारे 49.5 लाख मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता.

नॅनोझाइमकडे वळण्याआधी आपल्या शरीरात रोज घडणारी एक क्रिया सांगणे आवश्यक आहे. जखमेत जीवाणू शिरले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात, जीवाणूंना गिळतात आणि त्या बंद कप्प्यात ऑक्सिजनपासून आधी सुपरऑक्साइड व पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. मग मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्या पेरॉक्साइडपासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात जंतू मारणारे जे रसायन असते, तेच हे. पुवाला हिरवट छटा येते ती याच विकराच्या रंगामुळे. म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनी जीवाणू जाळणे ही शरीराची फार जुनी पद्धत आहे, आणि तिच्यात कोणतेही प्रतिजैविक नाही.

अडचण अशी की विकरे ही प्रथिने असतात. उष्णतेने, आम्लाने किंवा नुसती पडून राहिल्यानेही ती बिघडतात, आणि शुद्ध स्वरूपात महाग पडतात. 2007 साली बीजिंगच्या चिनी विज्ञान अकादमीतील यान शियुन यांच्या गटाने एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले. लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, अब्जांश कण तोवर रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय मानले जात आणि इतर रेणू वाहून नेण्यासाठी वापरले जात. या गटाला आढळले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टीएमबी हे रसायन असलेल्या कुपीत हे कण टाकले की रंगहीन द्रावण निळे होते. एलायझा या प्रयोगशाळेतील चाचणीत हाच निळा रंग पेरॉक्सिडेज विकरामुळे येतो, आणि येथे तर विकर टाकलेलेच नव्हते. त्यांनी 30, 150 आणि 300 नॅनोमीटरचे कण तपासले तेव्हा सर्वांत लहान कण सर्वांत जलद काम करताना दिसले, कारण तेवढ्याच वजनात त्यांचा उघडा पृष्ठभाग सर्वांत जास्त असतो. ‘नॅनोझाइम’ हा शब्द त्याआधी 2004 साली इटलीतील संशोधकांनी सोन्याच्या कणांवर बांधलेल्या एका कृत्रिम उत्प्रेरकासाठी वापरला होता, पण धातूच्या साध्या ऑक्साइडमध्येच विकराचा गुण असतो, हे खऱ्या अर्थाने 2007 नंतर लोकांच्या लक्षात आले.

जीवाणू मारण्याची रीत थोडक्यात अशी. कणाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. ते इतके अस्थिर असते की काही अब्जांश सेकंदच टिकते, आणि तेवढ्यात शेजारी जे सापडेल, मग ते पेशीपटलातील मेद असो, प्रथिन असो किंवा डीएनए, त्यावर तुटून पडते. प्रतिजैविक एखाद्या ठरावीक कुलपाची किल्ली असल्यासारखे काम करते, त्यामुळे जीवाणूने कुलूप बदलले की औषध निकामी होते. येथे कुलूपच नाही, दारच जळते.

माझे मत असे बनले आहे की हा मार्ग दात, जखम, लघवीची नळी (कॅथेटर) अशा हात पोचेल त्या जागी लावण्याचा आहे. तापावर घ्यायच्या गोळीची जागा तो घेईल, ही अपेक्षा चुकीची ठरेल. हे मत तपासून पाहावे, ही विनंती.

दंतवैद्य_कोल्हापूर

शरयूताई, या विषयात प्रत्यक्ष रुग्णांच्या सर्वांत जवळ पोचलेले काम दातांवरचेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दाताला कीड लागते म्हणजे किडा लागत नाही, हे मी रोज सांगत असतो. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू साखरेपासून चिकट ग्लुकान बनवतो आणि त्या गोंदात स्वतःला गाडून घेतो. यालाच आपण बायोफिल्म म्हणतो. त्या थराच्या आत आम्ल साठत जाते. सामू (पीएच) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम विरघळू लागते. नुसते माउथवॉश वरून वाहून जाते. आतल्या जीवाणूंपर्यंत ते पुरेसे पोचतच नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ह्यून कू यांच्या गटाने येथेच लोहाचे कण वापरले. 2018 साली त्यांनी फेरुमॉक्सिटॉलवर काम प्रसिद्ध केले. हे औषध त्यांना नव्याने बनवावे लागले नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात होणाऱ्या लोहाच्या कमतरतेसाठी शिरेतून देण्याचे हे इंजेक्शन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्येच मान्य केले होते, आणि ते म्हणजे आवरण घातलेले लोहाच्या ऑक्साइडचे अब्जांश कणच आहेत. हे कण दातावर लावून पाठोपाठ अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड दिले, तर थरातले जीवाणू मरतात आणि चिकट ग्लुकानचेही तुकडे होतात, असे त्यांना आढळले. उंदरांच्या दातांवर कीड लक्षणीय कमी झाली, आणि हिरड्यांना व तोंडातील इतर जीवाणूसृष्टीला इजा दिसली नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती आम्लाची. लोहाच्या कणांचे पेरॉक्सिडेजसारखे काम आम्लधर्मी परिसरातच जोरात चालते, आणि निरोगी तोंडाचा सामू 7 च्या आसपास असतो. म्हणजे जेथे जीवाणूंनी आम्ल साठवून कीड लावायला सुरुवात केली आहे, नेमके तेथेच कण पेटतात आणि शेजारच्या निरोगी भागावर जवळजवळ शांत राहतात. जीवाणूने स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेले आम्लच त्याच्यावर उलटते. प्रतिजैविकांत मला असे ठिकाण ओळखण्याचे कौशल्य कधी दिसलेले नाही.

याच गटाने नंतर रूट कॅनालच्या जुनाट संसर्गात, म्हणजे दाताच्या मुळाशी पू झालेल्या रुग्णांत, या कणांची लहान प्रमाणावर चाचणी प्रसिद्ध केली. 2023 साली त्यांनी फेरुमॉक्सिटॉल आणि स्टॅनस फ्लोराइड एकत्र वापरले. स्टॅनस फ्लोराइड पाण्यात लवकर बिघडते, ही आमची जुनी तक्रार आहे. लोहाच्या कणांच्या आवरणाने ते टिकून राहिले आणि दोन्ही मिळून प्राण्यांमध्ये परिणाम वाढला. दोन्ही पदार्थ वैद्यकात आधीपासून वापरात असल्यामुळे मला या जोडीकडून मोठी आशा आहे.

पेट्रीडिश

मी सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे काम करतो. दोन दुरुस्त्या आणि एक शंका.

पहिली दुरुस्ती. पुवाचा हिरवेपणा मायलोपेरॉक्सिडेजमुळे येतो हे बरोबर आहे, पण मधुमेही पायाच्या जखमेवर ठसठशीत निळसर-हिरवा रंग आणि गोडसर वास असेल तर स्युडोमोनासचा संशय आधी घ्यावा. तो जीवाणू स्वतःचे हिरवे-निळे रंगद्रव्य सोडतो, आणि ते कल्चरच्या बशीत नुसत्या डोळ्यांनाही दिसते.

दुसरी दुरुस्ती ‘कुलूपच नाही’ या वाक्याला. आमच्याकडे रोज होणारी एक साधी तपासणी सांगतो. काचेच्या पट्टीवर जीवाणूंची वसाहत काडीने घेतो आणि तिच्यावर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकतो. स्टॅफिलोकॉकस असेल तर क्षणात फसफसून बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टोकॉकस असेल तर थेंब तसाच शांत राहतो. हे बुडबुडे म्हणजे कॅटलेज विकराने पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन केल्याची खूण. स्टॅफिलोकॉकसजवळ या आगीविरुद्ध स्वतःचा पाण्याचा बंब आहे, असे समजा. डॉक्टरांनी सांगितलेला म्युटन्स स्ट्रेप्टोकॉकसच्या कुळातला, म्हणजे कॅटलेज नसलेला. त्यामुळे दातावर मिळालेले यश पायाच्या जखमेवर जसेच्या तसे मिळेल, असे मानू नये.

या रसायनाचे महत्त्व एका आजारातून फार स्पष्ट दिसते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात दोषात पांढऱ्या पेशींना सुपरऑक्साइड बनवता येत नाही. अशा मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात, आणि त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे कॅटलेज असलेले जंतू ठळकपणे आढळतात. म्हणजे शरयूताईंचे मूळ म्हणणे खरे आहे, आणि माझी दुरुस्तीही त्यातूनच येते.

शंका अशी की ‘जीवाणूंना याविरुद्ध प्रतिकार निर्माण करताच येणार नाही’ असे जे सर्रास छापून येते, त्याला आधार काय? जंतू मारणाऱ्या चांदीबद्दलही लोक असेच बोलत. 1975 साली बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला, आणि तो गुण एका प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर होता.

शरयू

पेट्रीडिश, आपली दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. ‘कुलूपच नाही’ हे वाक्य मी उत्साहात लिहिले. ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांशी जीवाणू अब्जावधी वर्षे झगडत आले आहेत, त्यामुळे त्यांच्याजवळ कॅटलेज आहे, सुपरऑक्साइड निकामी करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज आहे आणि धोका जाणवताच ही सगळी विकरे वाढवणारी यंत्रणाही आहे. अधिक नेमके असे म्हणता येईल की एका जनुकातील एका बदलाने सुटका होणे येथे अवघड आहे, कारण मार एकाच वेळी अनेक ठिकाणी बसतो. अवघड आणि अशक्य यांत फरक आहे, आणि तो लिहिताना पाळला गेला पाहिजे.

मूलक काही अब्जांश सेकंदच टिकते, याचा एक परिणाम मी आधी लिहिला नव्हता. तेवढ्या वेळात ते फार तर काही नॅनोमीटर जाऊ शकते, आणि जीवाणू सुमारे 1000 नॅनोमीटर लांब असतो. म्हणजे कण जीवाणूला अगदी चिकटलेला नसेल, तर सारी आग वाया जाते. म्हणूनच अनेक गट कणांवर धनभार ठेवतात, कारण जीवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋणभार असतो. कण भिंतीला टेकलेला असेल तर मूलक तेथल्या तेथे निपजते आणि कॅटलेज मात्र आत पेशीद्रवात राहते. माझ्या समजुतीप्रमाणे बंबापेक्षा आग जवळ नेणे, हा स्टॅफिलोकॉकसवरचा खरा उपाय आहे.

रसायनशिक्षक

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून एक मूलभूत प्रश्न मांडतो. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलक मिळते, ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी 1894 सालीच वर्णन केली होती. मग नॅनोझाइम म्हणजे कणांतून सुटलेल्या लोहाची फेंटन अभिक्रियाच, असे का म्हणू नये? 2007 च्या कामात हा आक्षेप विचारात घेतलेला होता. कण ठेवलेले द्रावण गाळून त्यात सुटलेले लोह तपासले असता, दिसलेली क्रिया तेवढ्या लोहाने होण्यासारखी नव्हती, म्हणजे काम पृष्ठभागावर होत होते. तरीही प्रत्येक नव्या पदार्थासाठी हा प्रयोग पुन्हा करायला हवा, आणि तांब्याच्या कणांबाबत तर नक्कीच, कारण तांबे विरघळून स्वतःच जीवाणूंना विषारी ठरते. प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या एककात क्रियाशीलता सांगत असे, त्यामुळे तुलना करणे कठीण होते. 2018 साली यान यांच्याच गटाने मोजणीची एक प्रमाणित पद्धत प्रसिद्ध केली, ते अतिशय आवश्यक काम होते.

आणखी एक बारकावा. हेच लोहाचे कण उदासीन सामूला कॅटलेजसारखे वागू लागतात, म्हणजे पेरॉक्साइडचे मूलक न करता पाणी आणि ऑक्सिजन करतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘निरोगी भागात शांत राहण्या’मागे हेही एक कारण आहे. मात्र मधुमेही जखमेचा सामू पुष्कळदा अल्कधर्मी बाजूला झुकलेला असतो. अशा ठिकाणी लोहाचे कण नुसते लावले, तर जीवाणूंना मदत करण्याचाच धोका आहे. म्हणून काही संशोधक ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर जोडीला देतात. ते जखमेतल्या वाढलेल्या साखरेपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही बनवते. सामू खाली येतो, इंधन जागेवर मिळते आणि वरून पेरॉक्साइड ओतावे लागत नाही. मधातही हेच विकर असते, मधमाशीने घातलेले. जखमेवर मध लावण्याच्या जुन्या चालीला या विकराचा आधार आहे.

भारतातील कामाचा उल्लेख व्हायला हवा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. मुगेश यांचा गट या क्षेत्रात अनेक वर्षे आहे. 2020 साली त्यांनी दीपशिखा चक्रवर्ती यांच्या गटासह सेरियम ऑक्साइडच्या कणांवर काम प्रसिद्ध केले. ते येथवरच्या चर्चेपेक्षा वेगळे आहे. हे कण फॉस्फोलायपेज या विकरासारखे वागतात, म्हणजे जीवाणूच्या पेशीपटलातील मेदरेणूंचा फॉस्फेटचा बंध तोडतात आणि बायोफिल्म धरू देत नाहीत. पेरॉक्साइड लागतच नाही, त्यामुळे कॅटलेजचा प्रश्नही उद्भवत नाही. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील विपुल बन्सल, ज्यांचे पीएचडीचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले, यांच्या गटाने 2018 साली कॉपर ऑक्साइडच्या अब्जांश दांड्यांवर दृश्य प्रकाश टाकला असता मूलकनिर्मिती वाढते आणि ई. कोलाय मरतात, असे दाखवले. दरवाजाच्या मुठी, नळाच्या तोट्या अशा पृष्ठभागांसाठी हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

सासवडकर

माझ्या आईला सात महिन्यांपासून लघवीची नळी आहे आणि दर काही आठवड्यांनी संसर्ग होतो. नॅनोझाइमचा लेप दिलेली नळी आज मिळते का? आणि जखमेवर घरातले हायड्रोजन पेरॉक्साइड रोज टाकले तर हाच परिणाम साधेल का? कृपया सांगावे.

पेट्रीडिश

सासवडकर, नॅनोझाइमचा लेप दिलेली नळी औषधाच्या दुकानात मिळणारी वस्तू नाही. ‘नॅनो’ असे छापलेली कोणतीही फवारणी या संशोधनाच्या नावावर विकत घेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नाही असे आहे. बाटलीतले 3 टक्के पेरॉक्साइड रोज टाकल्याने जखम भरून आणणाऱ्या कोवळ्या पेशीही मरतात. जखमेवर जो फेस येतो तो पाहून औषध काम करत आहे असे वाटते, पण तो मुख्यतः रक्तातील आणि पेशींतील कॅटलेजने पेरॉक्साइड वाया घालवल्याचा फेस असतो. नॅनोझाइमचा फायदाच हा की त्याहून पुष्कळ कमी पेरॉक्साइडमध्ये काम भागते.

आईंच्या बाबतीत एक गोष्ट जरूर पाहा. तपासणीसाठी लघवी पिशवीतून काढून देऊ नका. पिशवीत तासन्‌तास साठलेल्या लघवीत भलतेच जंतू वाढतात आणि रिपोर्टवर त्यांचीच नावे येतात. जुनी नळी बदलल्यावर नव्या नळीतून, प्रतिजैविक सुरू करण्याआधी नमुना घ्यावा, असे आपल्या डॉक्टरांना विचारा. ताप, थंडी किंवा इतर त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणून औषध सुरू करणे आवश्यक आहे का, हेही विचारा. दीर्घकाळ नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच.

दंतवैद्य_कोल्हापूर

सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. फेरुमॉक्सिटॉल मान्यताप्राप्त आहे, याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा नव्हे. शिरेतून दिल्यावर काही रुग्णांना ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया आल्यामुळे 2015 साली अमेरिकेत त्यावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक झाले. दातावर लावून धुऊन टाकण्यात हा धोका पुष्कळ कमी असावा, तरी ॲलर्जीची विचारपूस करावीच लागेल. शिवाय लोहाचे कण शरीरात हळूहळू विघटित होऊन लोह वापरात येते, पण सेरियम, व्हॅनेडियम यांना शरीरात अशी वाट नाही. रक्तात गेलेले कण यकृत आणि प्लीहेत साठतात. शरयूताईंचे ‘हात पोचेल त्या जागी’ हे मत मला याच कारणासाठी योग्य वाटते.

शरयू

सर्वांचे मनापासून आभार. रसायनशिक्षकांनी सांगितलेली अल्कधर्मी जखमेची गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वडिलांच्या जखमेवर लोहाचे कण लावता आले असते तर बरे झाले असते, असे मी वर्षभर मनात धरून होते. सामू मोजल्याशिवाय ते कण तेथे उलटेच वागले असते, हे आता कळले.

पेट्रीडिश, एक प्रश्न उरतो. प्रसिद्ध झालेले बहुतेक प्रयोग स्वच्छ द्रावणात किंवा पोषक रसात वाढवलेल्या जीवाणूंवर आहेत. खऱ्या पुवात प्रथिने ठासून भरलेली असतात, ती कणाला लपेटून बसतात आणि पृष्ठभाग झाकला गेला की क्रिया मंदावते. आपण पू रोज हाताळता. असा पदार्थ आपल्यासमोर आला तर आपण तो कसा तपासाल?

पेट्रीडिश

आधी रुग्णाच्या पुवातला जंतू वेगळा करून बायोफिल्म स्वरूपात वाढवीन, कारण द्रवात तरंगणारे जंतू काहीही टाकले तरी सहज मरतात. मग तोच प्रयोग रक्तद्रव मिसळून करीन. आणि तिसरे म्हणजे, मारता मारता जे थोडे वाचतील त्यांना पुन्हा वाढवून त्यांच्यावर पुन्हा तेच कण टाकीन, असे निदान तीस वेळा. तिसाव्या फेरीलाही तेवढ्याच मात्रेत ते मेले, तर प्रतिकाराबद्दलची माझी शंका मी मागे घेईन.